फाम्बिली ट्रायल: टी पेशी जाग्या झाल्या, तरी लस फसली

हे प्रकरण कशाबद्दल आहे

एचआयव्हीच्या लशीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, अहो कोविडची लस वर्षभरात आली मग हिला चाळीस वर्षं का लागतायत. मी हल्ली त्यावर लेक्चर देत बसत नाही, सरळ फाम्बिलीची गोष्ट सांगतो. दक्षिण आफ्रिकेतली ट्रायल, २००७ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच सप्टेंबरात थांबली. नुसती लस फसली असती तर नवल नव्हतं, अशा बऱ्याच फसल्यात. इथली भानगड वेगळी आहे. लशीने जे करावं म्हणून ती बनवली होती ते तिने केलं, टी पेशी म्हणजे शरीराच्या बचावातल्या पांढऱ्या पेशी जाग्या झाल्या, लॅबच्या टेस्टमध्ये त्याचे ठिपके उमटले, आणि तरीही लस घेतलेल्यांमध्ये लागण कमी झाली नाही, उलट पुढे जास्तच दिसायला लागली.

ट्रायल आणि तिचे आकडे जाहीर आहेत म्हणून ते नावानिशी देतोय. व्हॉलंटियर अर्थातच निनावी आहेत, आणि ८०१ जणांपैकी कोण कुठलं हे आपल्याला कळायची गरजही नाही.

पार्श्वभूमी

२००३ मध्ये अँटिबॉडी तयार करणाऱ्या पहिल्या मोठ्या लशी अमेरिकेत आणि थायलंडमध्ये पडल्या. व्हायरसचं बाहेरचं कवच इतकं बदलतं की एका कवचावर बनवलेली अँटिबॉडी दुसऱ्याला ओळखतच नाही. मग बऱ्याच लोकांनी मोर्चा टी पेशींकडे वळवला. सीडी८ टी पेशी लागण झालेली पेशी शोधून मारतात, आणि त्या व्हायरसचे आतले प्रोटीनही ओळखतात, म्हणजे गॅग, पोल वगैरे, जे तुलनेने कमी बदलतात. अपेक्षाही माफक होती, लागण रोखता आली तर उत्तमच, नाही तर निदान लागण झाल्यावर रक्तातला व्हायरस तरी कमी राहील, माणूस उशिरा आजारी पडेल आणि दुसऱ्याला कमी देईल.

ह्या आशेला आधार होता. दरबानमधल्या रुग्णांवर त्याच काळात काम चाललं होतं, उपचार सुरू न झालेले ५७८ जण, सगळे सबटाइप सीचे म्हणजे एचआयव्हीच्या सी ह्या उपप्रकाराचे, आणि त्यात असं दिसलं की ज्यांच्या टी पेशी गॅगवर तुटून पडतात त्यांच्यात व्हायरस कमी असतो, आणि ज्यांच्या पेशी बाहेरच्या कवचामागे लागतात त्यांच्यात उलट जास्त. २००७ मध्येच हे छापून आलं. म्हणजे टी पेशी आहेत की नाहीत एवढं पुरत नाही, त्या कशाच्या मागे लागल्यात ते बघायला लागतं.

मर्क कंपनीची लस ह्याच विचारातून आलेली. सर्दीपडशाचा एक साधा व्हायरस घ्यायचा, अ‍ॅडिनोव्हायरस ५, म्हणजे एडी५, त्याचं वाढीला लागणारं जीन काढून टाकायचं आणि त्यात एचआयव्हीचे गॅग, पोल, नेफ हे तीन जीन बसवायचे. एडी५ इथे नुसती गाडी, माल एचआयव्हीचा. कवचाचं जीन मुद्दाम घातलेलं नाही. डोस तीन. माल सबटाइप बीचा, कारण अमेरिका-युरोपात तोच चालतो.

हीच लस घेऊन २००४ च्या डिसेंबरात स्टेप नावाची ट्रायल सुरू झाली, उत्तर आणि दक्षिण अमेरिका, कॅरिबियन आणि ऑस्ट्रेलियात मिळून ३००० व्हॉलंटियर. आणि मग प्रश्न आला आफ्रिकेचा, कारण साथ खरी तिथे पेटली होती, आणि जिथे साथ आहे तिथल्या माणसांत लस न तपासता तिकडून परस्पर निकाल लावायचा हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं.

अडचण काय होती

अमेरिकेतला व्हॉलंटियर आणि सोवेटोतला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गलगतचा व्हॉलंटियर ह्यांच्यात लशीच्या दृष्टीने तीन फरक होते. तिन्ही आधीपासून माहीत होते, हे लक्षात ठेवा.

पहिला फरक व्हायरसचा. दक्षिण आफ्रिकेत जवळपास सगळी साथ सबटाइप सीची, आणि लस बीची. बीच्या तुकड्यांवर तयार झालेल्या टी पेशी सीचा तुकडा ओळखतील का? सगळ्यात जास्त चर्चा ह्यावरच झाली, आणि ते साहजिक आहे, कारण कागदावर ठळक दिसणारा फरक हाच.

दुसरा फरक माणसाचा, म्हणजे एचएलएचा. टी पेशीला व्हायरस अख्खा दिसत नाही, आपल्या पेशी त्याचे बारीक तुकडे करून एचएलए नावाच्या रेणूवर मांडतात आणि टी पेशी ते बघते. कुठले तुकडे मांडले जाणार हे तुमच्या एचएलएवर ठरतं, आणि एचएलए आईबापांकडून आलेला, प्रत्येक समाजात त्याचं मिश्रण निराळं. गोऱ्या युरोपियनांत बी*५७:०१ आणि बी*२७ असलेले लोक एचआयव्हीला बरे तोंड देतात. दक्षिण आफ्रिकेत तेच काम बी*५७:०३ आणि बी*५८:०१ करतात. आणि गंमत बघा, तिथेच बी*५८:०२ पण सर्रास सापडतो, ५८:०१ आणि ५८:०२ मध्ये फक्त तीन अमिनो आम्लांचा फरक, पण ५८:०२ वाल्यांची अवस्था वाईट. तीन अक्षरं बदलली आणि तुकडा मांडायची पद्धतच बदलली. मग एका देशात ट्रायल करून दुसऱ्या देशातल्या टी पेशी काय करतील हे कसं सांगणार.

आणखी एक गुंता आहे, तो नीट कळला नंतर, २००९ मध्ये. जपानमध्ये बी*५१ खूप लोकांत आहे. १९८० च्या दशकात लागण झालेल्या हिमोफिलियाच्या रुग्णांमध्ये बी*५१ असणं फायद्याचं होतं. पण व्हायरसने बी*५१ ला चकवणारा बदल करून घेतला, तो बदल तिथल्या व्हायरसमध्ये मुरला, आणि पुढे लागण झालेल्या बी*५१ वाल्यांना तो फायदा राहिलाच नाही. म्हणजे समाजाचा एचएलए व्हायरसला घडवतो आणि तो घडलेला व्हायरस पुन्हा त्याच समाजात फिरतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ गप्पच बसलो होतो, कारण लस बनवणाऱ्याने नेम धरायचा तरी कशावर.

तिसरा फरक भूतकाळाचा. एडी५ हा सर्दीचा व्हायरस आहे, त्यामुळे जगभर लोकांना तो लहानपणीच होऊन जातो, पण सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेत साधारण तीनातल्या एकाच्या रक्तात एडी५ विरुद्धच्या अँटिबॉडी सापडतात, दक्षिण आफ्रिकेत दहातल्या आठांच्या आसपास. लस घेऊन येणाऱ्या गाडीलाच शरीर आधीपासून ओळखतंय. ह्याची चिंता सगळ्यांना होती, पण ती एकाच बाजूने होती, अँटिबॉडी गाडीला वाटेतच अडवतील आणि लस कमी चालेल. ती उलटी पडेल असं फारसं कुणी धरून चाललं नव्हतं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची कळ इथे आहे.

कोणते पर्याय होते

मागे वळून बघितलं तर तीन वाटा दिसतात.

एक, स्टेपचा निकाल येईपर्यंत थांबायचं. सुरक्षित वाटतं, पण २००७ चा दक्षिण आफ्रिका डोळ्यासमोर आणा. सरकारी पातळीवर एड्सबद्दल कित्येक वर्षं नकारघंटा वाजलेली, औषधं सरकारी दवाखान्यांत येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि दर वर्षी नव्या लागणी लाखांत. तिथल्या संशोधकांना थांबा म्हणणं सोपं नव्हतं. शिवाय स्टेपमध्ये मुख्यतः पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष होते, आफ्रिकेत लागण स्त्री-पुरुष संबंधातून, आणि तरुण बायकांमध्ये सगळ्यात जास्त. स्टेपचा निकाल आला तरी तो सोवेटोतल्या मुलीला लागू होईल का हा प्रश्न उरणारच होता.

दोन, सबटाइप सीची लस आणि एडी५ ऐवजी दुसरी गाडी तयार होईपर्यंत थांबायचं. तात्त्विकदृष्ट्या सगळ्यात बरोबर, पण मोठ्या ट्रायलला तयार असलेलं तसं काही हातात नव्हतं.

तीन, जी लस हातात आहे तीच घेऊन आत्ता सुरुवात करायची आणि विचारायचं, बीची लस सीच्या मुलखात चालते का, बायकांमध्ये चालते का, एडी५ आधी झालेल्यांत चालते का.

तिसरी वाट धरली गेली. मला ती आजही मूर्खपणाची वाटत नाही, तेव्हाच्या माहितीवर तर अजिबातच नाही. पण तिला एक आधार लंगडा होता, तो माकडांचा. सुरुवातीच्या माकडांवरच्या प्रयोगात एडी५ लस छान चालली होती, तो प्रयोग एसएचआयव्ही ८९.६पी नावाच्या, लॅबमध्ये बनवलेल्या संकरित व्हायरसवर होता, आणि हा व्हायरस लशीपुढे तुलनेने लवकर नमतो. नंतर जास्त चिवट एसआयव्हीमॅक२३९ वर, म्हणजे माकडांच्या एचआयव्हीसारख्या व्हायरसवर बघितलं तर फायदा फारसा उरला नाही, आणि जो दिसला तो ठराविक एमएचसी (माकडांतला एचएलए) असलेल्या माकडांत, मामू-ए*०१ वाल्यांत. माकडांमध्येच दिसत होतं की लस चालणं हे प्राण्याच्या जनुकांवर आहे. आता माकडांचं मॉडेल माणसाला तंतोतंत लागू पडत नाही हा युक्तिवाद दोन्ही बाजूंना वापरता येतो, आणि तेव्हा तो सोयीच्या बाजूने वापरला गेला असं मला वाटतं.

काय केलं

२४ जानेवारी २००७ ला पहिला व्हॉलंटियर घेतला. ठरलेले ३०००, वय १८ ते ३५, पाच ठिकाणं, सोवेटो, केपटाऊन, दरबान, क्लर्क्सडॉर्प आणि मेडुन्सा. ट्रायलचं नेतृत्व ग्लेंडा ग्रे ह्यांच्याकडे, त्या सोवेटोतच काम करणाऱ्या. दर भेटीत समुपदेशन, कंडोम, लैंगिक आजारांची तपासणी असं सगळं होतं, ते प्लासिबोवाल्यांनाही, म्हणजे ज्यांना लशीऐवजी नुसतं निष्क्रिय इंजेक्शन मिळालं त्यांनाही.

लॅबचं काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण पुढचा घोळ त्यातच आहे. व्हॉलंटियरचं रक्त काढलं की त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. मग एक प्लास्टिकची प्लेट घेतात, ९६ खळगे असलेली, प्रत्येक खळग्यात त्या पेशी आणि त्यांच्यावर गॅगचे किंवा पोलचे किंवा नेफचे छोटे छोटे तुकडे टाकतात आणि रात्रभर उबेत ठेवतात. ज्या पेशीने तुकडा ओळखला ती इंटरफेरॉन गॅमा सोडते, आणि सोडलं तिथे रंगाचा ठिपका उमटतो. सकाळी ठिपके मोजायचे. ह्याला एलिस्पॉट म्हणतात. टेस्ट चांगली आहे, जगभर चालते, पण ती सांगते काय, तर इतक्या पेशींनी तुकडा ओळखून आरडाओरडा केला. त्या पेशी व्हायरस मारतात का, शरीरात नेमक्या कुठे बसल्यात, लागण होते त्या जागी पोचतात का, हे तो ठिपका सांगत नाही. रक्त काढणं सोपं म्हणून आपण रक्तात मोजतो, लागण मात्र होते श्लेष्मल त्वचेवर, म्हणजे शरीराच्या आतल्या ओल्या अस्तरावर.

फाम्बिलीतले ठिपके भरघोस होते. लस घेतलेल्यांपैकी ८९ टक्क्यांमध्ये सबटाइप बीच्या तुकड्यांना प्रतिसाद, आणि ज्याची सगळ्यात जास्त भीती होती त्या सबटाइप सीच्या तुकड्यांनाही ७७ टक्क्यांमध्ये. म्हणजे बी आणि सीचा पहिला प्रश्न निदान प्लेटवर तरी सुटला होता, आफ्रिकन टी पेशींनी अमेरिकन लशीवरून आपल्याकडचा व्हायरस ओळखला होता.

सप्टेंबर २००७

स्टेपच्या डेटावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने पहिला अंतरिम हिशेब बघितला. एडी५ च्या अँटिबॉडी कमी असलेल्यांमध्ये, म्हणजे ज्यांच्यात लस सगळ्यात चांगली चालायला हवी होती त्यांच्यात, लस घेतलेल्या ७४१ पैकी २४ जणांना लागण आणि प्लासिबोच्या ७६२ पैकी २१ जणांना. फायदा शून्य. लागण झालेल्यांच्या रक्तातला व्हायरसही कमी नव्हता. स्टेप थांबली आणि लस तीच असल्यामुळे फाम्बिलीचे डोसही तिथेच थांबले. तोवर ८०१ जण आत आले होते, आणि तिन्ही डोस झालेले त्यातले जेमतेम ७ टक्के.

पुढच्या आठवड्यांत स्टेपचा डेटा उकलत गेला तसा सूर बदलला. पुरुषांचा एकत्र हिशेब लावल्यावर ९१४ लस घेतलेल्यांमध्ये ४९ लागणी आणि ९२२ प्लासिबोवाल्यांमध्ये ३३. फरक सगळ्यात ठळक कुणात, तर ज्यांना एडी५ आधी होऊन गेला होता आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती त्यांच्यात. आता हे वाक्य दक्षिण आफ्रिकेत बसून वाचून बघा, जिथे दहातल्या आठांना एडी५ होऊन गेलाय.

अनब्लाइंड करायचं की नाही

ह्या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात अवघड निर्णय हाच. कुणाला लस मिळाली आणि कुणाला प्लासिबो हे व्हॉलंटियरला सांगायचं का?

न सांगण्याच्या बाजूला विज्ञान होतं. सांगितलं की लोक वागणूक बदलणार, लस मिळालेला घाबरून जास्त काळजी घेईल किंवा येणंच सोडेल, प्लासिबोवाला निर्धास्त होईल, आणि मग दोन गटांतल्या लागणींची तुलना कायमची गढूळ होईल. धोका खरा आहे का योगायोग, हे कळायची तीच एक संधी.

सांगण्याच्या बाजूला माणूस होता. तुझ्या दंडात जे टोचलं त्याने कदाचित तुझा धोका वाढलाय, ही शंका आमच्या मनात आहे, आणि आम्ही तुला ती सांगणार नाही, का तर आमचा आलेख बिघडेल, असं म्हणणार कसं. आणि त्यात आणखी एक व्यवहाराचा मुद्दा. लशीत गॅग असल्यामुळे काही जणांची नेहमीची एचआयव्ही अँटिबॉडी टेस्ट लागण नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते. बाहेरच्या दवाखान्यात, नोकरीच्या किंवा विम्याच्या तपासणीत असं झालं तर त्या माणसाला आपल्याला लस मिळाली होती हे माहीत असायला हवं, म्हणजे तो व्हायरस थेट शोधणारी टेस्ट करून मागेल.

दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबरातच सांगायचं ठरवलं. स्टेपने नोव्हेंबरात तोच रस्ता धरला. म्हणजे ज्या देशाला बाहेरून आलेले लोक संमतीपत्रावर लेक्चर द्यायचे त्याने हे आधी केलं, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. साइटवरच्या लोकांनी व्हॉलंटियरना बोलावून बोलावून सांगितलं, पुन्हा समुपदेशन, पुन्हा टेस्ट, आणि पुढे येत राहा म्हणून विनवणी. बरेच जण येत राहिले. गिनीपिग केलं म्हणून बोंब व्हायला सगळी सामग्री हजर असताना लोक येत राहिले, ह्याचं श्रेय त्या समुपदेशकांना द्यायला हवं.

निकाल

पहिल्या सविस्तर हिशेबात, जो २०११ मध्ये आला, लस गटात ३४ लागणी आणि प्लासिबो गटात २८. फरक आहे पण योगायोगात बसतो. लोकांनी सुस्कारा सोडला.

मग २०१४ मध्ये लांबचा पाठपुरावा छापला गेला, सरासरी साडेतीन वर्षांचा. लस गटात ६३, प्लासिबो गटात ३७. धोका १.७ पट, आणि हे योगायोगात बसत नाही. आता गंमत अशी की इथे हा धोका एडी५ आधी झालाय की नाही ह्यावर अवलंबून दिसला नाही, सुंतेवरही नाही, बाई की पुरुष ह्यावरही नाही, डोस किती झाले ह्यावरही नाही. स्टेपमध्ये जे सूत्र सापडल्यासारखं वाटलं होतं ते दक्षिण आफ्रिकेत सापडेना. वागणुकीतला फरक किंवा गळती हेही कारण दिसत नाही असं संशोधकांनी तपासून लिहिलं. आणि एचआयव्हीच्या लशीत एडी५ पुढे वापरू नका असा इशारा दिला.

असं का झालं ह्याचं पक्कं उत्तर आजही नाहीये. एक तर्क असा की एडी५ ने सीडी४ टी पेशी, म्हणजे टी पेशींचाच दुसरा प्रकार, जाग्या होतात, जाग्या झालेल्या सीडी४ पेशी श्लेष्मल त्वचेत जाऊन बसतात, आणि एचआयव्ही घुसतो तो नेमका जाग्या सीडी४ पेशीतच. म्हणजे पोलीस म्हणून बोलावलेले आणि चोराला किल्ली देऊन बसले. तर्क जमतो, पण माणसांच्या रक्तातल्या एडी५ ओळखणाऱ्या सीडी४ पेशी मोजून बघितल्या तेव्हा तो सरळ सिद्ध झाला नाही.

टी पेशींनी काहीच केलं नाही असंही नाही. स्टेपमध्ये लस घेऊनही लागण झालेल्यांचे व्हायरस वाचले तेव्हा ते लशीतल्या क्रमापासून जास्त लांबचे निघाले, विशेषतः गॅगमधली एक जागा. म्हणजे टी पेशींचा दाब व्हायरसला जाणवला होता, तो फक्त बाजूने निसटला.

वेगळं काय करता आलं असतं

सबटाइपच्या फरकावर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या निम्मी जरी "एडी५ झालेल्याच्या शरीरात ही लस अजून काय काय करेल" ह्यावर झाली असती तर स्टेपमध्येच एडी५ झालेल्यांना आत घेताना वेगळा, जास्त वारंवार हिशेब ठेवता आला असता. २००५ मध्ये स्टेप १५०० वरून ३००० केली ती अशाच लोकांना घेण्यासाठी, आणि कारण काय, तर त्यांच्यातही एलिस्पॉटवर ठिपके येतायत. पुन्हा ठिपकेच.

फाम्बिली स्टेपच्या पहिल्या अंतरिम हिशेबापर्यंत, म्हणजे आठनऊ महिने, थांबवता आली असती का? आली असती. पण हे आज म्हणणं सोपं आहे. मला वाटतं थांबण्याऐवजी मधला मार्ग होता, भरती हळू करायची, पहिल्या दोनतीनशे लोकांत श्लेष्मल त्वचेतल्या पेशींचे नमुने घेऊन बघायचं, आणि मगच पुढचे. खर्च वाढला असता, व्हॉलंटियरला त्रास झाला असता, नाही असं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी फार चांगली केली. पेशी गोठवून ठेवल्या, पाठपुरावा सोडला नाही, आणि वाईट निकाल सात वर्षांनी का होईना पूर्ण छापला. ६३ आणि ३७ हे आकडे आपल्याला माहीत आहेत ते त्यामुळे.

आणि ज्यांना वाटतं की त्या त्या देशाच्या व्हायरसची लस केली की झालं, त्यांच्यासाठी पुढचा अंक. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतच उहांबो नावाची ट्रायल सुरू झाली, थायलंडमध्ये थोडी चाललेली लस खास सबटाइप सीची करून घेतली, ५४०० च्या वर लोक. २०२० च्या सुरुवातीला थांबली, लस गटात १२९ लागणी, प्लासिबोत १२३. व्हायरस जुळवून घेतला तरी लस चालली नाही.

पुढे काय झालं, आणि पुण्याचा संबंध

पुण्याचा संबंध जुनाच आहे. फाम्बिलीच्या दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २००५ मध्ये, भोसरीच्या नारीत म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत भारतातली पहिली एचआयव्ही लशीची ट्रायल सुरू झाली, ३० व्हॉलंटियर. लस सबटाइप सीचीच, कारण आपल्याकडेही तोच चालतो, पण गाडी एडी५ नाही, एएव्ही नावाच्या दुसऱ्या निरुपद्रवी व्हायरसची. सुरक्षित निघाली पण प्रतिसाद फारच कमी लोकांत आणि तोही फिका, त्यामुळे पुढे सरकली नाही. तेव्हा पेपरात जी निराशा छापून आली ती वाचून वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. फाम्बिलीनंतर वाटतं, लवकर आणि फक्त ३० जणांत कळलं हे किती बरं झालं.

लोकसंख्येचा प्रश्न आधी विचारायचा हे आता थोडं थोडं दिसायला लागलंय, आणि तेही टी पेशींपेक्षा अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींच्या बाजूला. नवी पद्धत अशी की ज्या दुर्मिळ बी पेशी पुढे जाऊन भरपूर प्रकारच्या एचआयव्हीला ओळखणारी अँटिबॉडी बनवू शकतात, त्यांनाच हेरून जागं करायचं. अमेरिकेतल्या पहिल्या छोट्या ट्रायलमध्ये लस मिळालेल्या ३६ पैकी ३५ जणांत त्या जाग्या झाल्या. आणि उरलेला एक? त्याच्याकडे त्या अँटिबॉडीला लागणाऱ्या व्हीएच१-२ ह्या जीनची योग्य आवृत्तीच नव्हती. ही आवृत्ती प्रत्येक समाजात सारख्या प्रमाणात नसते, म्हणून पुढची पायरी लगेच रवांडा आणि दक्षिण आफ्रिकेत घेतली, १८ जणांत, आणि २०२५ मध्ये आलेल्या निकालात तिथल्या बी पेशीही अमेरिकेतल्यासारख्याच जाग्या झालेल्या दिसल्या. अर्थात ही फक्त पहिली पायरी आहे, खरी काम करणारी अँटिबॉडी अजून लांब आहे, आणि ह्याच लशीच्या एमआरएनए रूपाने अमेरिकेत सुमारे १८ टक्के लोकांना पित्तासारख्या गांध्या, खाज अशा त्वचेच्या तक्रारी झाल्या, तेही सोडवायचंय.

हे भारतात आणायचं झालं तर कोकणातल्या, विदर्भातल्या, तमिळनाडूतल्या, ईशान्येतल्या लोकांत व्हीएच१-२ च्या कुठल्या आवृत्त्या किती आहेत, एचएलएचं मिश्रण काय, गाडी म्हणून जो व्हायरस वापरणार त्याच्या अँटिबॉडी किती जणांत आहेत, हे ट्रायलच्या आधी मोजून ठेवावं लागेल. काम कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही आणि ग्रँट देणाऱ्यांना ते नुसतं मोजमाप वाटतं, पण ट्रायलच्या खर्चापुढे ते किरकोळ आहे आणि त्यासाठी कुणाच्या दंडात काही टोचावंही लागत नाही.